रात्रपाळीसाठी ग्लुकोज सेन्सर: कामाचा किती, फसवा कुठे

दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर मुळात मधुमेहींसाठी, त्यातही इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी तयार झाला. आता मधुमेह नसलेलेही तो लावतात. रात्रपाळी करणाऱ्यांचा प्रश्न एकच असतो: रात्री दोनला जेवल्याने खरंच काही बिघडतं का, आणि हा सेन्सर ते दाखवेल का? आमचं मत आधीच सांगतो. एकदा, नीट आखून, दोन आठवडे लावलात तर तो दाखवतो, आणि जे दिसतं ते कुठल्याही आहारपत्रकापेक्षा जास्त पटतं. कायम लावून ठेवण्यात मात्र मधुमेह नसलेल्या माणसाचा फायदा आम्हाला दिसत नाही. शिवाय अॅप, अहवाल आणि अलार्म सगळे रात्री झोपणाऱ्या माणसाला धरून बनवलेले आहेत. ते जसेच्या तसे वाचले तर रात्रपाळीवाल्याची दिशाभूल ठरलेली.

आधी मूळ मुद्दा. तीच थाळी संध्याकाळी खाल्ली तर साखर सकाळपेक्षा जास्त चढते, हे 2015 साली शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक फ्रँक शीअर यांच्या गटाने प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. जेवणानंतरची साखर शरीराच्या घड्याळानुसार संध्याकाळ असताना सुमारे 17 टक्के जास्त होती. रात्र चढते तसा मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक) वाढतो, आणि स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर त्याचा संदेश टिपणारे रेणू (रिसेप्टर) असतात. तो असताना इन्शुलिन सुटण्याला लगाम बसतो. यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळेमागे सरकतं, मेंदूतलं मुख्य घड्याळ मात्र उजेडामागे जातं. रात्री जेवलं की दोघांची फारकत होते. 'वर्षानुवर्षं रात्रपाळीच करतो, आता शरीराला सवय झाली' असं अनेक जण म्हणतात, पण कायम रात्रपाळी करणाऱ्यांमध्येही मेलाटोनिनची लय पूर्णपणे उलटलेले लोक 3 टक्क्यांहून कमी आढळले आहेत. सवय कामाची होते, स्वादुपिंडाची होत नाही.

2021 साली संशोधक सारा चेलप्पा आणि शीअर यांनी 19 निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग इथे सर्वांत उपयोगाचा. सगळ्यांना रात्रपाळीसारखं जागवलं. एका गटाला रात्रीही जेवण दिलं, दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर 6.4 टक्क्यांनी वाढली, दिवसाच जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. जागरण दोघांचं सारखंच होतं, फरक ताटाच्या वेळेचा. माणसं थोडी, तरुण आणि प्रयोगशाळेतली होती, हे विसरू नये. पण पाळी बदलणं आपल्या हातात नसतं आणि जेवणाची वेळ बरीचशी असते, म्हणून हा निष्कर्ष महत्त्वाचा.

आता वस्तूकडे येऊ. सेन्सर म्हणजे नाण्याएवढी चकती. तिच्या खालचा केसासारखा बारीक तंतू सुमारे 5 मिलिमीटर कातडीखाली जातो आणि पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, रक्तातली नव्हे. म्हणून आकडा रक्तापेक्षा साधारण 5 ते 10 मिनिटं मागे असतो, आणि साखर झपाट्याने चढत-उतरत असेल तर फरक जास्त जाणवतो. अचूकता बरी आहे: सध्याच्या प्रमुख सेन्सरांची सरासरी चूक 8 ते 9 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खरी साखर 150 असताना 137 किंवा 163 दिसणं अगदी नेहमीचं. (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.) दोन जेवणांमधल्या पाच-सात आकड्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.

लावण्याची वेळ पाळीच्या हिशेबाने ठरवा. पहिले 24 तास आकडे डळमळीत असतात, कारण तंतू शिरल्यावर तिथल्या ऊतीला थोडी इजा झालेली असते. म्हणून पाळीच्या पहिल्या रात्री नव्हे, आदल्या दिवशी लावा. दोन आठवड्यांत किमान चार-पाच रात्रपाळ्या आणि तीन-चार सुट्ट्या पडतील अशी तारीख निवडा. जागा दंडाची मागची बाजू. कातडी साबणाने धुवा, अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओलसर कातडीवर लावलेली चिकटपट्टी घामाच्या कामात तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सुटते. तेल, क्रीम नको. चिकटपट्टीखाली खाज, लाल चट्टा, पुरळ आलं तर सेन्सर काढा. काही जुन्या सेन्सरांच्या गोंदातल्या आयसोबॉर्निल अॅक्रिलेट या रसायनाची अॅलर्जी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

कुठला हात? ज्या कुशीवर झोपता तो नाही. हे किरकोळ वाटेल, पण रात्रपाळीवाल्यांचे सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. सेन्सरवर अंगाचा भार पडला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि आकडा धाडकन 60-55 वर येतो. कूस बदलली की तेवढ्याच झपाट्याने वर जातो. दिवसा झोपणाऱ्याच्या आलेखावर हा खड्डा दुपारी बारा-एकला दिसतो आणि माणूस घाबरतो: रात्री जेवलो नाही म्हणून साखर पडली! मग पुढच्या रात्री दोनला भरपेट जेवतो. म्हणजे जे टाळायचं तेच. ओळखायची खूण सोपी आहे. खरी घसरण उताराची असते, अर्धा-पाऊण तास घेते. दाबाची घसरण कड्यासारखी सरळ खाली आणि सरळ वर असते, आणि झोपेतच येते. शंका आली तर बोटाला टोचून साध्या ग्लुकोमीटरवर तपासा.

फोन लॉकरमध्ये ठेवावा लागणाऱ्यांनी खरेदीआधी एक गोष्ट पाहायलाच हवी: फोन दूर असताना सेन्सर किती तासांची नोंद स्वतःत साठवतो. फोन टेकवून वाचायच्या जुन्या फ्रीस्टाईल लिब्रे प्रकारात 8 तासांची नोंद राहते. बारा तासांची पाळी करून फोन टेकवला तर पहिले चार तास गायब, आणि नेमके तेच आपल्याला हवे असतात. डेक्सकॉम या कंपनीच्या जी 6 सेन्सरमध्ये फोनशी संपर्क तुटल्यावर 3 तासांचीच नोंद मागाहून भरली जाते, जी 7 मध्ये 24 तासांची. कारखाना, अतिदक्षता विभाग, धूळमुक्त निर्मिती-कक्ष (क्लीनरूम) अशा ठिकाणी काम असेल तर आमच्या मते निवडीचा पहिला निकष हाच. अचूकतेतला अर्ध्या-एक टक्क्याचा फरक त्यापुढे गौण आहे.

आता या सेवेतली सर्वांत मोठी उणीव. सगळ्या अॅपांमध्ये दिवस मध्यरात्री बदलतो. रात्री दहा ते सकाळी सहाची पाळी दोन तारखांत तुटते: संध्याकाळचं जेवण एका दिवसात, त्याचा रात्रीचा परिणाम दुसऱ्या दिवसात. सरासरी, 'आजचा दिवस कसा गेला' वगैरे सारांश यातूनच निघतो, त्यामुळे तो निरर्थक ठरतो. त्याहून वाईट गोष्ट डॉक्टरांकडे नेण्याच्या अहवालात होते. 14 दिवसांचे आलेख एकावर एक ठेवून मधोमध एक जाड रेघ काढलेली असते. रात्री झोपणाऱ्यासाठी हे उत्तम साधन आहे, कारण त्याची पहाटे तीनची वेळ रोज एकसारखी असते. रात्रपाळीवाल्याच्या पहाटे तीनमध्ये पाच दिवस कँटीनचं जेवण असतं आणि चार दिवस गाढ झोप. दोन्ही मिसळून जी रेघ निघते ती त्याच्या कुठल्याच रात्रीची नसते. तिच्यावरून 'पहाटेची साखर जरा जास्त आहे' असं म्हणत औषध बदललं गेलं तर सुट्टीच्या रात्री झोपेत साखर खाली जाऊ शकते. त्रास इतका खरा असूनही 'दिवस माझ्या उठण्यापासून मोजा' एवढी साधी सोय या अॅपांत मिळत नाही, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

उपाय हाताने करावा लागतो. रोजच्या नोंदीत तीनच गोष्टी लिहा: झोपेतून उठल्याची वेळ, प्रत्येक खाण्याची वेळ, आणि त्या दिवसाची जात (रात्रपाळी, पाळीनंतरची पहिली सुट्टी, साधी सुट्टी). पाळीनंतरची पहिली सुट्टी वेगळी धरायची, कारण त्या दिवशी झोप तुटलेली असते आणि अपुऱ्या झोपेने साखर एरवीपेक्षा जास्त चढते. मग अॅपमधून एकेका दिवसाचे आलेख काढा आणि उठण्याची वेळ शून्य धरून एकाच जातीचे दिवस शेजारी ठेवा. कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे, पण सेन्सरचा खरा उपयोग इथून सुरू होतो.

सेन्सर लावून नुसतं आकडे बघत बसण्यापेक्षा एक चाचणी करा. एकच जेवण, मोजून, दोन वेळांना: पाळीवर जाण्याआधी संध्याकाळी सातला आणि पाळीवर रात्री दोनला. ज्यातलं कर्बोदकांचं (पिष्टमय पदार्थ आणि साखर) प्रमाण वेष्टनावर छापलेलं आहे असंच काही निवडा, म्हणजे दोन्ही वेळा 50 ग्रॅम कर्बोदकं नक्की होतील. अंदाजाने वाढलेल्या ताटांची तुलना करू नका, वजनकाटा वापरा. आधीचे चार तास पाण्याशिवाय काही नको. कॉफीही नको, कारण कॅफिनने इन्शुलिनचा परिणाम काही तास मंदावतो आणि रात्री दोनच्या आधी दोन कप झालेले असले तर दोष जेवणाच्या वेळेवर जातो. जेवणानंतरचे दोन तास दोन्ही वेळा सारख्याच हालचालीचे ठेवा. एकदा खुर्चीत बसून आणि एकदा वॉर्डात फेऱ्या मारत केलेली चाचणी बाद. प्रत्येक वेळेची चाचणी तीनदा करा, कारण तेच जेवण त्याच माणसाने पुन्हा खाल्लं तरी चढ सारखा येत नाही. सर्दी-ताप असेल, स्टिरॉइड चालू असेल तर ते दिवस सोडा.

आकडे जेवणाच्या क्षणी आणि नंतर 30, 60, 90, 120, 180 मिनिटांनी घ्या. नुसतं शिखर बघू नका. समजा संध्याकाळी 92 वरून साखर 138 पर्यंत गेली आणि दोन तासांनी 101 वर आली. रात्री 94 वरून 156 पर्यंत गेली आणि दोन तासांनी अजून 131 वर आहे. शिखरातला 18 चा फरक सेन्सरच्या चुकीत बसू शकतो, पण दोन तासांनंतरचा 30 चा फरक सहसा बसत नाही. तीनपैकी तीन वेळा तसंच दिसलं तर प्रश्न मिटला. रात्रीचा त्रास बहुतेकदा असाच दिसतो: शिखर फार उंच नसतं, पण साखर उतरायचं नाव घेत नाही. दोन्ही चाचण्या एकाच सेन्सरवर करा, म्हणजे तो थोडा वर किंवा खाली दाखवत असला तरी दोन्हीकडे तसाच दाखवेल.

एवढं झालं की वेळापत्रक बदलून पुढचे काही दिवस पाहता येतं. मुख्य जेवण पाळीआधी. मध्यरात्र ते पहाटे पाच-सहा शक्यतो पाणी. भूक अनावर झाली तर प्रथिनांचं छोटं खाणं, म्हणजे एखादं उकडलेलं अंडं किंवा वाटीभर साधं दही. पाळी संपल्यावर झोपमोड होणार नाही इतपत हलका नाश्ता. दुपारी उठल्यावर पुन्हा नीट जेवण. जेवणांची खिडकी, म्हणजे सगळं खाणं ठरावीक तासांतच उरकणं, ठरवून पाळणं प्रत्यक्ष कामावर जमतं का? 2022 साली प्रसिद्ध झालेल्या सॅन डिएगोतल्या अग्निशामकांच्या अभ्यासात 24 तासांच्या पाळ्या करणाऱ्या 137 जणांपैकी एका गटाने 12 आठवडे 10 तासांच्या खिडकीत जेवून दाखवलं, आणि ज्यांचा रक्तदाब किंवा साखर आधीच जास्त होती त्यांच्यात सुधारणाही दिसली. जमतं, पण कामाच्या ठिकाणी पाळीआधी जेवायला वेळ मिळायला हवा. तो देणं व्यवस्थापनाच्या हातात आहे.

आता सेन्सर फसवतो ती जागा. त्याला एकच गोष्ट दिसते, साखर. तळलेलं, चीजने भरलेलं, तेलकट खाणं रात्री दोनला खाल्लं तर आलेख सपाट राहतो, कारण स्निग्ध पदार्थ पोटातून हळू पुढे सरकतात. अॅप हिरवा रंग दाखवतं. पण रक्तात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढून राहतात, आणि रात्रीच्या जेवणानंतर ते दिवसापेक्षा जास्त चढतात. सोबत पिष्टमय पदार्थ असले तर साखरही तीन-चार तासांनी, तुम्ही घरी जाऊन झोपल्यावर, चढते आणि आलेखावर ती भलत्याच वेळेला दिसते. सपाट रेघेच्या मागे लागून रात्रीचं जेवण तेलकट करत नेणं हा या उपकरणाचा सर्वांत घातक वापर आहे.

दुसरी न दिसणारी गोष्ट इन्शुलिन. 2009 सालच्या शीअर यांच्या प्रयोगात 10 जणांची झोप-जेवणाची वेळ शरीराच्या घड्याळाच्या उलट केली, तेव्हा साखर सरासरी 6 टक्के वाढली, इन्शुलिन मात्र 22 टक्के. म्हणजे स्वादुपिंड जादा राबून साखर कशीबशी आवरत होतं. सेन्सर लावला असता तर त्याला ते 6 टक्केच दिसले असते. निरोगी तरुणाचा आलेख रात्री दोनच्या जेवणानंतरही छान दिसू शकतो. त्यावरून रात्रीचं जेवण त्याला बाधत नाही असं ठरत नाही.

उलट्या बाजूने, सेन्सर विनाकारण घाबरवतोही. निरोगी माणसाची साखर दिवसाचा सुमारे 96 टक्के वेळ 70 ते 140 च्या दरम्यान असते, पण अर्धा तास ती 140 च्या वर जाणं आणि थोडा वेळ 70 च्या खाली येणं हेही निरोगीपणातच मोडतं. अहवालात सरासरीवरून काढलेला 'जीएमआय' नावाचा टक्का असतो. तो असा निघतो: सरासरीला 0.02392 ने गुणायचं आणि 3.31 मिळवायचे. सरासरी 100 आली की उत्तर 5.7, म्हणजे एचबीए1सी तपासणीत (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) जिथून मधुमेहपूर्व अवस्था धरतात नेमका तोच आकडा. निरोगी लोकांची सरासरी मुळातच 98-99 च्या आसपास असते! हे सूत्र मधुमेहींच्या नोंदींवरून बांधलेलं आहे. मधुमेह नसलेल्याने त्या ओळीकडे दुर्लक्ष करावं आणि खरी एचबीए1सी प्रयोगशाळेत तपासावी.

अलार्म. जास्त साखरेचा अलार्म 140 वर लावून दिवसा झोपायला जाऊ नका. मिळाले तर सहा तास झोपेचे, त्यातही फोन वाजत राहिला तर तुटलेल्या झोपेनेच साखर वाढेल. मधुमेह नसेल तर झोपेत सगळे अलार्म बंद. इन्शुलिन घेणाऱ्याने मात्र कमी साखरेचा अलार्म कधीच बंद करू नये. डेक्सकॉमच्या इन्शुलिनवाल्यांसाठीच्या सेन्सरांत 55 चा तातडीचा इशारा सेटिंगमधून काढताच येत नाही, आणि ते योग्यच आहे.

काही औषधं आकडा बिघडवतात. जुन्या लिब्रे सेन्सरांच्या सूचनापत्रात दिवसाला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्वाने आकडा खोटा वर जातो असा इशारा आहे. थकवा जावा म्हणून पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तो वाचावा. डेक्सकॉम जी 6 आणि जी 7 ला पॅरासिटॅमॉल दर सहा तासांनी 1 ग्रॅमपर्यंत चालतं, हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलसारख्या आजारांवरचं औषध) चालत नाही.

मग कोणी घ्यावा? मधुमेह किंवा मधुमेहपूर्व अवस्था असलेल्या रात्रपाळीवाल्याने नक्की घ्यावा, आणि पाळीचा प्रकार बदलला की पुन्हा एकदा. गरोदरपणात मधुमेह झालेल्या आणि पुन्हा रात्रपाळीवर रुजू झालेल्या स्त्रियांनीही डॉक्टरांशी याबद्दल बोलावं. वजन, कंबर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड आणि एचबीए1सी सगळं ठीक असलेल्याला आम्ही आग्रह करणार नाही. त्याला वर्षातून एकदा याच तपासण्या जास्त सांगून जातील. डेक्सकॉम स्टेलोसारखे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे सेन्सर (अमेरिकेत त्याला मार्च 2024 मध्ये मंजुरी मिळाली) कमी साखरेचा इशाराच देत नाहीत. इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी ते बनवलेले नाहीत, त्यांनी ते वापरू नयेत.

इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली (स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी) गोळी चालू असणाऱ्यांनी वरचं वेळापत्रक स्वतःहून सुरू करू नये. रात्रीचं जेवण काढलं आणि डोस तोच राहिला तर पहाटे साखर पडते, आणि पाळी संपल्यावर गाडी चालवत घरी जायचं असतं. आधी डोस आणि त्याच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या. साखर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि 15 मिनिटांनी बोटाला टोचून तपासा. सेन्सर मागे असल्याने तेव्हाही तो खालचाच आकडा दाखवत असतो. त्याच्यावर विसंबून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गोड खाल्लं की तासाभरात साखर 200 च्या पुढे.

डॉक्टरांकडे जाताना 14 दिवसांचा एकत्र आलेख पुढे करू नका. रात्रपाळीचे दोन आणि सुट्टीचे दोन असे एकेका दिवसाचे चार आलेख छापून न्या. त्यांवर उठण्याची, झोपण्याची आणि जेवणाची वेळ पेनाने लिहा, दाबामुळे पडलेले खड्डे गोल करून खोडा, आणि औषध घेतल्याच्या वेळी बाण काढा.